तेविसाव्या पानावरचा आठवा माणूस

दिगंबर आगटे यांना मोजायची खोड होती. जिन्याच्या पायऱ्या, लग्नाच्या पंगतीतली पानं, बसमध्ये उभे असलेले लोक, सगळं मोजून झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ही खोड उपजत नव्हती, नोकरीने लावलेली होती. पिंपरीच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी चोवीस वर्षं ड्रॉइंग तपासली होती. चित्रात आठ बोल्ट आणि खालच्या यादीत सात असं दिसलं, की ते ड्रॉइंग तिथेच थांबायचं. ते चीफ इंजिनियरने काढलंय की परवा नोकरीला लागलेल्या कुणी, हा प्रश्नच नव्हता. ड्रॉइंगला गुलाबी चिठ्ठी टाचायची आणि काढणाऱ्याकडे परत पाठवायचं. चिठ्ठीवरचा मजकूर ठरलेला असे: 'चित्रात आठ, यादीत सात. कृपया खुलासा व्हावा.' नमस्कार-चमत्कार काही नाही. कारखान्यात याचं कुणाला वाईट वाटत नसे, निदान दिगंबररावांची तशी प्रामाणिक समजूत होती.

कारखान्याचा नागोयाच्या एका कंपनीशी करार होता आणि ड्रॉइंग जपानीतून यायची, म्हणून १९७९ साली बारा जणांना संध्याकाळच्या जपानी वर्गाला घातलं गेलं. तिसऱ्या महिन्यात चित्रलिपी सुरू झाली तसे अकरा जण पसार झाले. उरलेला बारावा म्हणजे दिगंबरराव. त्यांनी शेवटची परीक्षासुद्धा दिली आणि एकेका अक्षराच्या रेघा मोजत ती पासही केली.

पुढे देशाची दारं उघडली, बाहेरची स्वस्त यंत्रं आली, ड्रॉइंग कॉम्प्युटरवर गेली आणि २००१ साली कारखान्याने दिगंबररावांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यात स्वेच्छा नेमकी कुणाची होती हे त्यांना विचारू नये, चहाचा कप तसाच ठेवून उठून जात. वय एक्कावन्न. नंतरची दोन वर्षं ते कोथरूडच्या घरात बसून होते. खिडक्यांचे गज मोजून झाले, सोसायटीतल्या कुंड्या मोजून झाल्या. त्यांच्या पत्नी कुसुमताई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी एकदा ताटाकडे न बघताच सांगितलं, "अहो, माझ्या पोळ्या मोजणार असाल तर तोंडी मोजू नका."

अशा माणसाला २००३ साली आमोद केतकर भेटला, ही नवराबायको दोघांच्याही दृष्टीने सुटकाच होती. आमोद चौतिशीतला. डहाणूकर कॉलनीत एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट जोडून त्याने भाषांतराचं ऑफिस थाटलं होतं. धुलाई यंत्रांची माहितीपत्रकं, गाड्यांच्या सुट्या भागांच्या पुस्तिका, असलं काम जपानहून यायचं आणि इंग्रजी होऊन परत जायचं. भाषांतर करणारी पाच मुलंमुली आणि त्यांच्यावर अस्मिता गोखले. ती अठ्ठावीस वर्षांची, हुशार, आणि हिंजवडीच्या कंपन्यांकडून दर पंधरा दिवसांनी बोलावणी येत असूनही कोथरूड न सोडणारी. कारण विचारलं तर म्हणे, "कंपनीच्या बसमध्ये रोज तीन तास झोपायला मी काय तान्हं बाळ आहे?"

आमोदला स्वतःला जपानीचं एक अक्षर येत नव्हतं. म्हणूनच त्याला तपासणारा माणूस हवा होता. दिगंबरराव लागले ते तात्पुरते, व्हाउचरवर. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीपटावर नाव नाही. पण खिडकीजवळ टेबल होतं, शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल होती आणि रोज नऊ वाजता घराबाहेर पडायला कारण होतं. हे शेवटचं त्यांना सगळ्यात मोलाचं वाटे. रस्त्यात कुणी भेटलं तर ते मुद्दाम घड्याळ बघून "निघतो, ऑफिस आहे," म्हणत.

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात ते मोठं काम दारात आलं. नागानो भागातल्या एका लहान शहरात मिनामोरी नावाची कंपनी होती. ती व्हिडिओ गेम बनवायची. त्यांचा नवा गेम इंग्रजीत न्यायचा होता आणि त्यातला मजकूर इतका प्रचंड होता, की आमोदच्या ऑफिसला दीड वर्ष पुरला असता. पण त्याआधी परीक्षा म्हणून त्यांनी एक पुस्तक पाठवलं. कंपनीला वीस वर्षं झाल्याबद्दल छापलेला कंपनीचा इतिहास, चौसष्ट पानांचा. हा नीट करून दाखवा, मग पुढचं बोलू.

"पण काका, गेमच्या कंपनीचा इतिहास म्हणजे काय असणार?" आमोदने विचारलं.

"कारखान्याचा असतो तोच," दिगंबरराव म्हणाले. "आधी हाल, मग भरभराट, मग साहेबांचे फोटो."

तसं ते फारसं चुकले नव्हते. १९८३ साली मियाशिता नावाच्या गृहस्थांनी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर चार मित्रांना घेऊन ही कंपनी काढली. पहिले दोन गेम इतके पडले, की दुकानाचा मालक खालून रोज विचारायचा, "चाललंय ना?" मग १९८५ साली 'दिव्यांचा डोंगर' आला. हा प्रकार दिगंबररावांना कळेना, तेव्हा अस्मिताने समजावलं. "काका, यात तुम्ही एक पात्र होता. गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, लढायचं, हळूहळू बळ वाढवत जायचं. साठ-सत्तर तास लागतात पूर्ण व्हायला. मधे थांबायचं असेल तर गावातल्या धर्मशाळेत झोपायचं. तिथे तुमची सगळी नोंद जपून ठेवली जाते."

"आणि नाही राहिली तर?"

"तर पहिल्यापासून सुरुवात."

"म्हणजे स्वेच्छानिवृत्ती," दिगंबरराव म्हणाले आणि पान उलटलं.

पुढच्याच प्रकरणात नेमकं तेच झालेलं होतं. १९८७ साली 'दिव्यांचा डोंगर'चा दुसरा भाग आला. शेवटच्या गावात पोचताना तुमच्या झोळीत नव्याण्णव औषधी मुळ्या असल्या आणि तुम्ही धर्मशाळेत झोपलात, तर सकाळी सगळी नोंद पुसलेली. साठ तासांचा खेळ मातीत. कंपनीकडे अकरा हजार पत्रं आली, हा तपशील अस्मिताने इंटरनेटवरून शोधून काढला. पुस्तकात मात्र एवढंच लिहिलं होतं: 'या काळात ग्राहकांची काही प्रमाणात गैरसोय झाली.' त्यानंतर कंपनीने विकलेले सगळे गेम परत मागवले, महिनाभर सगळ्यांनी मिळून दुरुस्त केलेले गेम हाताने पाकिटांत भरले आणि प्रत्येक पत्राला उत्तर धाडलं. त्या महिन्यात कंपनी बुडता बुडता वाचली आणि लोकांच्या मनात कायमची बसली. दिगंबररावांना ही माणसं एकदम आवडून गेली. चूक झाली तर ती परत मागवणारे लोक त्यांनी फार पाहिले नव्हते.

तो प्रसंग तेविसाव्या पानावर होता आणि त्याच्याखाली फोटो होता. दुकानासमोर उभी असलेली सगळी मंडळी, डोळे सुजलेले, मागे पाकिटांचे ढीग. फोटोखाली नावं सात. दिगंबररावांनी सवयीने डोकी मोजली. आठ.

त्यांनी पुन्हा मोजलं. भिंग आणून मोजलं. मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा माणूस, चष्मा लावलेला, यादीत नव्हता. त्याच्या हातात वही होती आणि वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. वहीला पेन्सिल कोण बांधतं हे दिगंबररावांना चांगलं ठाऊक होतं. जो दिवसभर जागोजाग फिरून दुसऱ्यांच्या चुका टिपतो, तो बांधतो.

आमोदने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की जपानी मंडळींना शंका विचारायच्या नाहीत, शंका आपण आपल्यात सोडवायच्या. दिगंबररावांना ते मान्यही होतं. पण त्यांच्या मते शंका म्हणजे शब्दाची शंका. आठाला सात म्हणणं ही शंका नव्हे, तो हिशेबाचा घोळ झाला. चित्र एक सांगतंय आणि यादी दुसरंच, तर कागद बाहेर कसा जाईल? मियाशितासाहेब छापील कागदावरच वाचतात म्हणून भाषांतराचा छापलेला गठ्ठा कुरियरने जायचा होता. तो बांधायचं काम दिगंबररावांकडे होतं. त्यांनी घरून आणलेल्या गुलाबी कागदावर सुबक जपानी अक्षरांत लिहिलं: 'फोटोत आठ, यादीत सात. कृपया खुलासा व्हावा.' चिठ्ठी तेविसाव्या पानाला टाचली, गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि शनिवारी दुपारी कुरियरवाल्याच्या हवाली केला. घरी जाताना त्यांनी शीळसुद्धा घातली.

सोमवारी सकाळी ते ऑफिसात आले तेव्हा आमोद त्यांच्या टेबलाशी उभा होता. दिगंबररावांनी चिठ्ठीची झेरॉक्स रीतसर फाइलला लावून ठेवली होती, वर तारीख आणि सही. आमोदने ती अस्मिताकडून वाचून घेतली होती.

"काका, हे तिकडे गेलं?"

"अर्थात. शंकाचिठ्ठी कागदाबरोबरच जाते."

आमोद खुर्चीत बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी हळू बोलला. "काका, ते त्यांच्या कंपनीचं पुस्तक आहे. त्यांच्या साहेबांनी मंजूर केलेलं. वीस वर्षांच्या कौतुकाचं. आणि आपण, अजून काम न मिळालेले, त्यांना विचारतोय की तुम्हाला मोजता येतं का."

"असं मी कुठे लिहिलंय?"

"काका, त्याचा अर्थ तोच होतो," अस्मिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "जपानीत तर जास्तच होतो."

मग आमोदने जे होतं ते सांगून टाकलं. धुलाई यंत्रांचं काम डिसेंबरात संपत होतं. मिनामोरीचं काम आलं नाही तर जपानी विभाग बंद करावा लागणार. मुलांची त्याला चिंता नव्हती, हिंजवडीत ती आठवड्यात लागली असती. "पण तुमचं," तो म्हणाला आणि थांबला. पुढचं दिगंबररावांना कळलं. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला हिंजवडीची बस न्यायला येत नाही. त्यांना पुन्हा घरी जायचं होतं, खिडकीचे गज मोजायला. आणि या खेपेला दुसऱ्या कुणी घालवलेलं नव्हतं, आपल्याच हाताने ओढवून घेतलं होतं.

तुळजाबाई चहा घेऊन आल्या. ऑफिस झाडणं आणि चहा करणं त्यांच्याकडे होतं. हिंजवडीत त्यांची जमीन होती, तिथे आता काचेची इमारत उभी होती आणि त्या रोज बस बदलत कोथरूडला येत. तिघांची तोंडं बघून त्या म्हणाल्या, "कुणी गेलं का काय? च्या ठिवलाय, गार हुतोय." कुणी कप उचलला नाही.

"एकच मार्ग आहे," आमोद म्हणाला. "काका, तुमच्याइतकं अदबशीर जपानी इथे कुणालाच लिहिता येत नाही. माफीचं पत्र लिहा. म्हणावं, चिठ्ठी चुकून टाचली गेली, आमची काहीही शंका नाही. आज फॅक्सने जाऊ दे."

दिगंबरराव दुपारी कागद घेऊन घरी गेले, ऑफिसात त्यांना सुचेना. कुसुमताई शाळेतून येऊन उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे परत घरी बसणार?"

"लक्षणं तशी आहेत."

"गेल्या वेळी तुम्ही दोन वर्षं घरी होतात," कुसुमताई म्हणाल्या. "मी अजून पूर्ण बरी झालेले नाही."

एरवी ते हसले असते. आज ते नुसते टेबलाकडे बघत बसले. ते पाहून कुसुमताईंनी पेन खाली ठेवलं. "घाबरलात का हो?"

"घाबरलोय," दिगंबरराव म्हणाले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा शब्द उच्चारल्याचं कुसुमताईंना आठवत नव्हतं.

"आठच आहेत ना, पण नक्की?"

"आठ."

"मग काय करणार. तुम्हाला सात म्हणता येणारे का." असं म्हणून त्यांनी पुढची उत्तरपत्रिका ओढली. एकाच्या फरकाने चुकलेल्या गणिताला त्यांनी आयुष्यात गुण दिले नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडून वेगळा सल्ला मिळण्यासारखा नव्हताच.

पत्र दिगंबररावांनी फार सुरेख लिहिलं. आधी ऋतूचा उल्लेख, मग कंपनीच्या भरभराटीबद्दल अभिनंदन, मग आपल्या उद्धटपणाबद्दल तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी क्षमा. तिथपर्यंत पेन सरसर चाललं. मग 'चुकून' हा शब्द आला आणि पेन थांबलं. त्यांनी फोटो पुन्हा समोर ओढला. तो चष्मेवाला माणूस वही धरून उभा होता आणि कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. दिगंबररावांना त्याची दया आली असं काही नव्हतं, त्यांना तो ओळखीचाही नव्हता. पण तो होता. तो नाही असं लिहायचं तर हात उचलत नव्हता. अर्धा तास झटापट करून शेवटी त्यांनी लिहिलं: 'माझ्या विचारण्याच्या पद्धतीत शिष्टाचार नव्हता, त्याबद्दल मनःपूर्वक क्षमा मागतो. फोटोत मात्र आठ जण आहेत.'

ऑफिसात आमोदने पत्राकडे पाहिलं, अक्षर छान आहे म्हणाला आणि दिगंबररावांच्या सहीशेजारी आपली सही केली. फॅक्स अस्मिता करायची. तिने पत्र वाचलं आणि शेवटच्या ओळीवर थांबली. आमोद आपल्या खोलीत गेल्याचं बघून ती खालच्या आवाजात म्हणाली, "काका, हे आमोदला कळलं तर?"

"त्याला जपानी येत नाही."

"मला येतं. मी पाठवलं तर माझ्यावरही येणार."

"मग तू मोज," दिगंबरराव म्हणाले आणि तेविसावं पान तिच्यापुढे धरलं.

अस्मिताने मोजलं. ओठ हलवत, बोट लावत मोजलं. मग ती फॅक्सपाशी गेली आणि पत्र आत सरकवलं.

अकरा दिवस काही आलं नाही. जपानी माणूस रागावला की गप्प बसतो, हे आमोदने कुठेतरी वाचलं होतं आणि तो ते दिवसातून दोनदा सांगे. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. दिगंबरराव रोज वेळेवर येत, धुलाई यंत्राची पानं तपासत आणि फॅक्सचा आवाज आला की पेन्सिल खाली ठेवत. एकदा फॅक्समधून लोणच्याची जाहिरात आली. बाराव्या दिवशी मिनामोरीचं पत्र आलं, तीन ओळींचं. प्रकाशन विभागाच्या हिरोसे बाई येत्या गुरुवारी पुण्यास येत आहेत. आगटे यांनी उपस्थित राहावं.

"नाव घालून बोलावलंय," आमोद म्हणाला. "काका, त्या काय बोलतील ते ऐकून घ्या. फक्त ऐकून घ्या."

गुरुवारी दिगंबरराव लग्नातला कोट घालून आले. हिरोसे बाई चाळिशीच्या, लहानखुऱ्या, करड्या रंगाच्या कपड्यांतल्या. त्यांनी आत येऊन सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आगटे-सान कोण?" दिगंबरराव उभे राहिले. बाई त्यांच्यासमोर आल्या आणि कंबरेतून इतक्या खाली वाकल्या, की दिगंबररावांना काय करावं कळेना. तेही वाकले. दोघंही बराच वेळ तसेच होते. तुळजाबाई दारातून बघत राहिल्या.

मग बाईंनी बॅगेतून त्यांची गुलाबी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. कडा थोड्या मळल्या होत्या, खूप हातांतून फिरली असावी.

"ही अध्यक्ष मियाशितांनी वाचली," त्या म्हणाल्या. अस्मिता आमोदच्या कानाशी हळू आवाजात सगळं मराठीत सांगत होती. "आपलं क्षमेचं पत्र तेव्हा आधीच आलेलं होतं. त्यातली शेवटची ओळ त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाले, गाडी काढा."

आमोदने अस्मिताकडे पाहिलं. "कसली शेवटची ओळ?"

"नंतर सांगते," अस्मिता म्हणाली.

त्या आठव्या माणसाचं नाव ओकुदा. मिनामोरीत गेम तपासायचं काम एकट्या त्याच्याकडे होतं. नव्याण्णव मुळ्यांचा दोष त्याने बाजारात जायच्या आधीच वहीत टिपला होता आणि मियाशितांना दाखवलाही होता. पण नववर्षाची विक्री तोंडावर होती. इतक्या मुळ्या कोण गोळा करणार, म्हणून मियाशितांनी ते सोडून दिलं. पुढे जे झालं ते झालं. ओकुदा महिनाभर सगळ्यांबरोबर पाकिटं भरत राहिला आणि शेवटचं पाकीट गेल्यावर त्याने राजीनामा दिला. तपासणाऱ्याने गेम थांबवायला हवा होता, असं त्याचं म्हणणं. मियाशितांनी त्याला अडवलं नाही. बाहेर सगळ्यांना वाटलं, चूक त्याचीच होती. इतिहास लिहायची वेळ आली तेव्हा फोटोखाली त्याचं नाव घालायचं का, असं कुणीतरी विचारलं, आणि अध्यक्ष म्हणाले, राहू द्या.

"आमच्याकडे तीनशे माणसं आहेत," हिरोसे बाई म्हणाल्या. "हे पुस्तक सगळ्यांनी वाचलं. मीही वाचलं. कुणी मोजलं नाही. किंवा मोजलं आणि गप्प बसलो. मी गप्प बसणाऱ्यांतली आहे."

अध्यक्ष त्याच दिवशी ओकुदांच्या घरी गेले, सोळा वर्षांनी. ओकुदा आता शाळेत विज्ञान शिकवतात. दोघं अंगणात उभ्या उभ्याच बोलले. मियाशितांनी गुलाबी चिठ्ठी दाखवली तेव्हा ओकुदांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, हा तपासनीस कुठला? हिंदुस्थानातला म्हटल्यावर ते हसले म्हणे. नाव छापायला त्यांनी होकार दिला, फक्त एका अटीवर. नावापुढे 'सहकारी' असं गुळमुळीत काही नको, 'तपासनीस' असं स्वच्छ छापा.

बाईंनी नवं पान पुढे सरकवलं. तोच फोटो, खाली आठ नावं. 'काही प्रमाणात गैरसोय' गेली होती आणि तिच्या जागी खरं काय झालं ते नऊ ओळींत लिहिलेलं होतं. दिगंबररावांनी डोकी मोजली, नावं मोजली. आठ आणि आठ.

"गेमचं काम पुढच्या महिन्यापासून पाठवतो," हिरोसे बाई म्हणाल्या. "अध्यक्षांची विनंती एवढीच, की शंकाचिठ्ठ्या तुम्ही काढून टाकू नयेत. जशा असतील तशा पाठवाव्यात."

दिगंबररावांच्या छातीवरून काहीतरी मोठं उतरलं. ते आतापर्यंत तिथे होतं हेही त्यांना उतरल्यावरच नीट कळलं. ते खाली बसले, कोटाची बटणं सोडली आणि तुळजाबाईंनी आणलेला चहा एका दमात पिऊन टाकला. आमोद शेजारी येऊन म्हणाला, "काका, व्हाउचर बंद. सोमवारी नेमणुकीचं पत्र देतो." मग त्याने अस्मिताला बाहेर नेऊन ती शेवटची ओळ काय होती ते विचारलं. थोड्या वेळाने बाहेरून आमोदचं हसणं ऐकू आलं.

जाण्याआधी हिरोसे बाईंना पुण्याच्या मंडळींचा फोटो हवा होता. इंग्रजी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर भाषांतर करणाऱ्यांचा फोटो आणि नावं छापायची होती. सोसायटीच्या जिन्यावर सगळे उभे राहिले. तुळजाबाई बाजूला होत होत्या, "मला कशाला, मी काय ल्हिवती हाय का?" म्हणत. दिगंबररावांनी त्यांना हाताला धरून रांगेत आणलं. या फोटोतलं कुणीही सुटता कामा नये, असं त्यांनी आमोदला बजावलं आणि नावांची यादी करायचं काम स्वतःकडे घेतलं. दोन दिवसांनी फोटोची प्रत ई-मेलने आली. त्यांनी स्वच्छ अक्षरांत यादी लिहिली. आमोद केतकर. अस्मिता गोखले. संतोष, शुभंकर, दीपमाला, प्रियदर्शनी, राधा, सगळ्यांची आडनावांसकट. तुळजाबाईंचं पूर्ण नाव त्यांनी त्यांना विचारून लिहिलं. यादी तीनदा वाचली आणि अस्मिताच्या टेबलावर ठेवली.

सोमवारी ते आले तेव्हा त्यांच्या टेबलावर यादी परत आलेली होती. तिला गुलाबी चिठ्ठी टाचलेली होती. अक्षर अस्मिताचं.

'फोटोत नऊ, यादीत आठ. कृपया खुलासा व्हावा.'

दिगंबरराव चरकले. त्यांनी भिंग काढलं आणि फोटोतल्या एकेका डोक्यावर बोट ठेवून यादीतल्या नावावर खूण करत गेले. आमोद आहे. अस्मिता आहे. पाचही मुलं आहेत. तुळजाबाई आहेत. तरी मागच्या रांगेत एक माणूस उरत होता, पांढऱ्या केसांचा, चष्मा लावलेला, लग्नातला कोट घातलेला. कोटाच्या खिशातून लाल पेन्सिल डोकावत होती.

त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. चष्मा काढून रुमालाने पुसावा लागला. पलीकडच्या टेबलावर अस्मिता कामात गढून गेल्याचं सोंग करत होती. दोन वर्षं घरात आणि सहा महिने व्हाउचरवर काढल्यावर माणूस सगळी दुनिया मोजतो आणि स्वतःला धरायचं विसरतो, हे त्यांना त्या गुलाबी कागदाने दाखवून दिलं होतं.

कारखान्याच्या नियमाप्रमाणे शंकेचं उत्तर त्याच चिठ्ठीवर लिहायचं असतं. त्यांनी आधी यादीत नववं नाव घातलं: दिगंबर आगटे, तपासनीस. मग चिठ्ठीखाली लिहिलं, 'चूक तपासनिसाची. दुरुस्त केली आहे.' सही केली, तारीख घातली आणि दोन्ही कागद अस्मिताच्या टेबलावर नेऊन ठेवले.